उतारवयांतील स्त्रियांचा आहार आणि कर्करोग

उतारवयांत एखाद्या स्त्रीला कर्करोगानें गांठलें कीं, आप्तमंडळी प्रथम तिच्या ताटाकडे बोट दाखवितात. अमुक खाल्लें म्हणून झालें, तमुक सोडलें असतें तर टळलें असतें, असें जो तो सुचवितो. आणि आधींच धास्तावलेली ती माउली स्वतःस अपराधी मानूं लागते. या समजुतीस आधार किती, याची एक मोठी परीक्षा अमेरिकेंत झाली आहे.

तेथें १९९३ पासून ५० ते ७९ वयाच्या, ऋतुनिवृत्त झालेल्या ४८,८३५ स्त्रिया निवडून, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे दोन गट पाडण्यांत आले. १९,५४१ जणींनीं स्निग्ध पदार्थ कमी करून फळें, भाज्या व धान्यें वाढवावयाचीं होतीं; बाकीच्यांचें जेवण नेहमीचेंच. अन्नांतून मिळणाऱ्या उष्णतेंत स्निग्धांशाचा वाटा शेंकडा २० वर आणावा, असा संकल्प होता. पहिल्या वर्षीं तो २४ पर्यंत उतरला आणि सहाव्या वर्षीं पुन्हां २९ च्या घरांत गेला. जन्मभराची संवय मोडणें इतकें कठीण असतें.

सुमारें आठ वर्षांच्या निरीक्षणानंतर, २००६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पथ्याच्या गटांत स्तनाचा कर्करोग शेंकडा ९ नें कमी आढळला; पण एवढा फरक केवळ योगायोगानेंही पडूं शकतो, असें गणितानें ठरलें. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत तर घट झालीच नाहीं. पुढें सुमारें २० वर्षें लक्ष ठेवल्यावर मात्र, स्तनाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु पथ्याच्या गटांत शेंकडा २१ नें कमी भरले.

आहाराचा संबंध आहे, तो असा. ऋतुनिवृत्तीनंतर शरीरांतील इस्ट्रोजेन हें द्रव्य मुख्यतः मेदांत तयार होतें. मेद वाढला कीं तें वाढतें, आणि त्याबरोबर स्तनाच्या व गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. मद्यपानानेंही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून एखाद्याच पदार्थास दोष देण्यापेक्षां वजन बेताचें राखणें आणि धान्यें, कडधान्यें व भाज्या नित्य जेवणांत असणें, हेंच हितावह होय.

तथापि पथ्य पाळल्यानें अभय मिळत नाहीं; मिताहारी स्त्रीसही हा रोग होतो. उपासतापासांनीं गांठ विरत नाहीं. ती हातास लागतांच डॉक्टरांस दाखविली पाहिजे. ज्या घरीं हें संकट येईल, तेथील मंडळींनीं मागच्या जेवणांचा हिशेब विचारूं नये. रुग्णालयाच्या दारापर्यंत तिच्याबरोबर चालावें.