पंचवीस वर्षांची वही

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर केलेले भाषण)

दूध आटेपर्यंत बोला, असं सेक्रेटरींनी बजावलंय. तेव्हा थोडक्यात सांगतो.

आपल्या पुण्याहून नाशिक रस्त्याला लागलात की नारायणगावजवळ खोडद आहे. तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना! पल्सार नावाच्या मृत ताऱ्यांकडे ती कान लावून बसते. त्यांतले काही सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात आणि दर गिरकीला रेडिओलहरींचा ठोका आपल्याकडे येतो. घड्याळच म्हणा ना.

आता, दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रांत महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकांभोवती फिरत असाव्यात. त्यांच्या गुरुत्वीय लहरींनी अवकाशच किंचित ताणतं, आकसतं आणि ठोका जरा आधी किंवा उशिरा पोचतो. फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. आणि एकेक लाट पुढे सरकायला कित्येक वर्षं. एका वर्षाच्या नोंदीत काय कळणार? शिवाय एकच घड्याळ चुकलं तर दोष त्याचाच असू शकतो. अनेक घड्याळं ठरावीक रीतीने चुकली, तर कारण बाहेर शोधायचं.

29 जून 2023 रोजी युरोपच्या आणि भारत-जपानच्या शास्त्रज्ञांनी असा पुरावा जाहीर केला. युरोपच्या नोंदी जवळजवळ 25 वर्षांच्या, पल्सारही 25! वाटेतल्या वायूमुळे ठोक्याला होणारा उशीर वेगळा काढायला खोडदच्या साडेतीन वर्षांच्या नोंदी कामी आल्या. तरीही ‘सिद्ध झालं’ असं कोणी म्हटलं नाही. ‘पुरावा मिळाला’ एवढंच म्हटलं. नोंदी अजून चालूच आहेत. स्वरूप सर 2020 साली गेले. हा निकाल त्यांना पाहायला मिळाला नाही.

आपले दुसऱ्या मजल्यावरचे काका रोज रात्री पाण्याच्या टाकीची पातळी वहीत लिहायचे. आम्ही हसायचो, मीसुद्धा. पण जमिनीखालच्या पाइपाची गळती त्याच वहीवरून सापडली. काका गेल्या वर्षी गेले आणि वही थांबली.

ती आज मी बरोबर आणली आहे. पुढची पानं कोरी आहेत. उद्या रात्रीपासून कोण लिहितंय?