मोटारीची हौस आणि हमीपत्राचा अर्थ

(ज्ञातिसंघाच्या रत्नागिरी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाल्यानंतर माझ्यासारख्या निवृत्त विज्ञान-शिक्षकाने मोटारीच्या जोडसाहित्यावर बोलावे, हे कित्येकांस विजोड वाटेल. परंतु ज्या वस्तूत आपल्या घरचा कष्टाचा पैसा आणि बँकेचे कर्ज गुंतलेले आहे, तिचा विचार ज्ञातीच्या व्यासपीठावर परका मानण्याचे कारण नाही. आज आपल्यातील अनेक तरुण गणपतीपुळ्यास व पावसला येणाऱ्या प्रवाशांची ने-आण करतात, कोणी हंगामात आंब्याच्या पेट्या कोल्हापुरास पोहोचवितात. त्यांच्या दृष्टीने मोटार ही चैन नसून चूल आहे.

माझ्या पुतण्याचीच हकीकत सांगतो. त्याने कर्ज काढून मोटार घेतली. आंबा घाटातील धुके आणि आषाढातला पाऊस यांना तोंड द्यावयाचे म्हणून त्याने बाजारातून 100 वॅटचे दिवे बसवून घेतले, खाली आणखी दोन फॉग लॅम्प लावले आणि मोठ्या आवाजाचा हॉर्नही जोडला. कारागिराने मूळ वायर कापून तीत जोड दिला व वर टेप गुंडाळली. दुसऱ्या पावसाळ्यात वायरिंग जळाले. मोटार सेवा केंद्रात नेली, तेव्हा उत्तर मिळाले, “बाहेरचे सामान बसविले आहे, सबब संपूर्ण वॉरंटी रद्द.” गिअर-बॉक्सच्या आवाजाची तक्रार त्याने दिवे बसविण्यापूर्वीच नोंदविली होती. तीही त्याच एका वाक्यात निकालात निघाली.

पुतण्या मजकडे आला तो संतापूनच. “काका, हा सरळ अन्याय आहे,” असे तो म्हणाला. मी त्यास म्हटले, “बाबा रे, अर्धा अन्याय आहे, अर्धा न्याय आहे. आधी दोन्ही वेगळे करू.” आजच्या भाषणाचे सार इतकेच आहे.

प्रथम न्यायाचा भाग पाहू. अनेक मोटारींत कंपनीने बसविलेला हॅलोजन दिवा 60 वॅटचा असतो. बारा व्होल्टांवर तो सुमारे 5 अँपिअर विद्युत्प्रवाह घेतो, 100 वॅटचा दिवा 8 अँपिअरहून अधिक घेतो. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तार तीच, स्विच तोच, आणि उष्णता मात्र जवळजवळ पावणेतीन पट. त्यातच फ्यूज उडू लागला म्हणून कोणी जाड फ्यूज घातला, तर पहारेकऱ्यालाच झोपविल्यासारखे होते. शिवाय आपल्या किनाऱ्यावरील खारा वारा आणि चार महिन्यांची ओल टेपखालच्या जोडात शिरते, तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि सांधा तापू लागतो. जे काम कंपनीने केले नाही त्याच्या परिणामाची हमी कंपनीने द्यावी, असे कोणत्या न्यायाने म्हणता येईल? निर्मात्याची वॉरंटी म्हणजे स्वतःच्या मालातील व कामातील दोषाविषयी त्याने दिलेले वचन होय. जगातील सर्व आपत्तींचा तो विमा नव्हे.

आता अन्यायाचा भाग. दिव्याचा आणि गिअर-बॉक्सचा संबंध काय? सीट कव्हर घातले म्हणून इंजिनाची हमी जावी काय? जोडलेल्या वस्तूमुळे जो भाग बिघडला त्यापुरतीच हमी नाकारणे योग्य. कार्यकारणभाव न दाखविता सर्वच हमी रद्द करणे योग्य नव्हे. अमेरिकेत 1975 साली झालेल्या मॅग्नसन-मॉस कायद्याने हाच विचार मान्य केला. विशिष्ट छापाचाच भाग वापरावा, नाही तर हमी नाही, अशी अट तेथे सामान्यतः घालता येत नाही. आपल्या देशातही 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला व एकूण सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्यांनी त्याविरुद्ध वरिष्ठ ठिकाणी दाद मागितली, हेही सांगितले पाहिजे. तो वाद मुख्यतः सुट्या भागांचा व स्वतंत्र गॅरेजांचा होता, जोडसाहित्याचा नव्हे. तथापि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करू नये, त्या दुरुस्तीतील दोषामुळे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, हे त्यातील तत्त्व आपल्या प्रश्नासही लागू पडण्याजोगे आहे.

या तत्त्वास धरून आम्ही एक सविस्तर पत्र लिहिले. वायरिंगचा खर्च आमचा, हे प्रथमच कबूल केले. गिअर-बॉक्सच्या पूर्वीच्या नोंदीची तारीख दिली. आणि दिव्यांमुळे तो कसा बिघडला हे लेखी कळवावे, अशी विनंती केली. काही दिवसांनी गिअर-बॉक्स हमीत दुरुस्त करून मिळाला. वायरिंगचे पैसे पुतण्याने निमूटपणे भरले. जे आपले नव्हते ते सोडले, म्हणूनच जे आपले होते ते ठामपणे मागता आले, असे मला वाटते.

पत्राने काम झाले नसते तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग होता. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा 2019 च्या कायद्याने घेतली असून तो जुलै 2020 पासून अमलात आला. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. आवश्यक तेथे वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करविण्याचा अधिकार आयोगास आहे. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या कायद्यातून वगळली आहे. परंतु स्वतः चालवून केवळ उपजीविका करण्यासाठी मोटार घेणारास ग्राहकाचा हक्क मिळतो. आपल्या टॅक्सीचालक बंधूंनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. प्राथमिक सल्ल्यासाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

हमीपलीकडेही एक मर्यादा आहे, ती जीविताची. पुष्कळ मोटारींत बाजूची एअरबॅग आसनाच्या कडेतून उघडते. तिच्यावर जाड कव्हर शिवून बसविले तर तिची वाटच अडते. पुढे लोखंडी गार्ड लावल्यास आघाताची दिशा व वेग बदलून एअरबॅगच्या कार्यात व्यत्यय येऊ शकतो. असे गार्ड बसविणे हा मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाचा भंग आहे, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळविले. मूळ रचनेशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये दिला.

तेव्हा तरुण मित्रांना माझे सांगणे थोडेच आहे. मोटार घेतल्याच्या दिवशी हमीपुस्तिका पूर्ण वाचा. तीत काय वगळले आहे ते पाहा. काही बसवावयाचे असल्यास सेवा केंद्रास आधी लेखी विचारा. तोंडी होकार पावसाच्या पहिल्या सरीबरोबर वाहून जातो. मूळ वायर कापू देऊ नका. कपलर, रिले आणि योग्य फ्यूज यांचा आग्रह धरा. पक्के बिल घ्या, कारण त्या कामाची जबाबदारी त्या दुकानदाराची आहे. विमा कंपनीस कळवा. तक्रार उद्भवली की तिची नोंद जॉब कार्डावर करून प्रत जपून ठेवा. आणि हमी नाकारली गेली तर कारण लेखी मागा.

हौस करू नये, असे मी म्हणत नाही. आपल्या पूर्वजांनी गलबते सजविली, आपण मोटारी सजवू. परंतु गलबताच्या तळाला भोक पाडून कोणी शीड बांधले नाही, एवढे स्मरणात असावे.