फरशीखालचं काम
(वर्धा येथे बांधकामावर जाणाऱ्या बायांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



फरशी बसवायची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुडघ्यावर बसलेला मिस्त्री येतो. त्याच्या हातात थापी, शेजारी रबरी हातोडा. त्याच्या मागे रेती चाळणारी, गारा कालवणारी, मलबा खाली नेणारी रेजा मात्र येत नाही. मी आज फरशीच्या खाली काय असतं त्याबद्दल बोलणार आहे, कारण आपलं काम तिथंच आहे.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांची माडी कशी असते, हे तुम्ही पाहिलेलं आहे. खाली सागाच्या तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर आणि वर शेणाचं सारवण. ही जमीन घरातल्या बायांनीच राखली. भेग दिसली की बुजवायची, पोपडा निघाला की पुन्हा सारवायचं. सेवाग्रामला मीराबेननी माती, बांबू, लाकूड वापरून उभारलेली बापू कुटी पाहायला लोक दुरून येतात. मातीची जमीन टिकते ती कुणीतरी सतत हात फिरवत राहतं म्हणून. त्या हाताची मजुरी कुणीच कधी मोजली नाही.

आता या माड्यांवर चिनीमातीच्या पक्क्या टाइल येताहेत, त्याही लाकडाच्या फळीसारख्या दिसणाऱ्या, लांबच लांब. हौस समजण्यासारखी आहे. दर आठवड्याला सारवण्यातून घरची बाई सुटते. पण लाकूड आणि टाइल यांचा स्वभाव वेगळा. लाकूड पावसाळ्यात फुगतं, वैशाखात आकसतं, पाय पडला की लवतं. टाइल यातलं काहीच करत नाही, ती फक्त तडकते. म्हणून दोघींच्या मधला थर नीट हवा.

तो कसा करायचा, ते क्रमाने सांगते. आधी माती पूर्ण काढायची. तीन इंच मातीचं वजन एका चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जातं. माती काढून त्याच जागी दोन इंच सिमेंट-रेतीचा गारा पसरला तर पुन्हा शंभर किलोच्या आसपास वजन झालं, वर टाइलचे वीस-बावीस किलो वेगळे. म्हणजे तुळईवरचा भार हलका झालाच नाही. जमिनीवरची पद्धत माडीवर चालत नाही, ती यासाठी.

मग तुळया तपासायच्या. भिंतीत शिरलेलं टोक आधी बघा, ओल तिथंच धरते. पेचकस टोचून पाहा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा उधईने खाल्लंय. त्यानंतर तुळई किती लवते ते पाहायचं. नेम असा की लांबीच्या तीनशे साठाव्या भागाहून जास्त लवू नये. बारा फुटी तुळईला हे होतात जेमतेम 10 मिलीमीटर. त्याहून जास्त लवत असेल तर खालून आधार द्यायचा, नाहीतर टाइलचा नाद सोडायचा. ‘इथं टाइल बसणार नाही’ हे सांगता येणं हीसुद्धा कारागिरीच आहे.

फळ्या खिळ्यांनी नव्हे, स्क्रूने आवळायच्या. खिळा कालांतराने सैल पडतो आणि फळी करकरते. त्यावर पाण्याने न सुटणारं प्लायवूड टाकायचं. दोन पत्र्यांमध्ये 3 मिलीमीटर आणि भिंतीकडे 6 मिलीमीटर फट ठेवायची, म्हणजे लाकडाला फुगायला जागा राहते. प्लायवर सिमेंटचा बोर्ड चिकटवून स्क्रूने घट्ट करायचा आणि सांध्यांवर जाळीची पट्टी लावायची. शेवटी दोरी ताणून पाहायची. लांब टाइलला दहा फुटांत 3 मिलीमीटरहून जास्त उंचसखलपणा चालत नाही. ही टाइल भट्टीतूनच मधे किंचित उचललेली येते. म्हणून शेजारच्या ओळीचा सांधा टाइलच्या मध्यावर घेऊ नये, एक तृतीयांशावर घ्यावा. पक्की टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे तिला नुसतं सिमेंटचं पाणी धरत नाही. पॉलिमरचा चिकट मसाला लागतो. आणि कापताना पाणी सोडा, तोंडाला मास्क बांधा. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते. झाडू मारणारी रेजा ती सगळ्यात जास्त ओढते.

आता विचार करा, यात वरची टाइल बसवणं हे काम किती? फार तर तिसरा हिस्सा. माती काढणं, टोचून पाहणं, झाडणं, दोरी धरणं, मसाल्याला किती पाणी ते ओळखणं, यातलं बहुतेक रेजाच करते. फळी कुठं लवते हे तिच्या पायाला आधी कळतं, कारण घमेलं घेऊन दिवसभर तीच फिरते. पण तिला कुणी विचारत नाही. आर्वी तालुक्यातल्या एका वाड्यात एक बाई सांगत होती, “कोपरा हलते म्हणून मी म्हटलं, तर मला म्हणे तू गारा आण.” पुढे टाइल तडकली, तेव्हा गारा पातळ झाला असा ठपका तिच्यावर आला.

1976 च्या समान वेतन कायद्याने सारख्या कामाला सारखा दाम सांगितला. वेतन संहितेतही ते तत्त्व आलं. तरी आपली मजुरी कमी का? कारण तिचं काम ‘सारखं’ धरलंच जात नाही. तो कुशल, ती अकुशल, असा कागद आधीच तयार असतो. दहा वर्षं गारा कालवूनही ती मदतनीसच राहते आणि तिचा मुलगा दोन वर्षांत मिस्त्री होतो. म्हणून नुसतं ‘दाम वाढवा’ म्हणून भागणार नाही, कामाचं नाव बदलून घ्यावं लागेल.

तीन गोष्टी आजपासून करू या. एक, मजुरी ठरवताना ‘मदत’ म्हणायचं नाही. जमीन तपासणं, थर तयार करणं, मसाला कालवणं अशी कामं वेगवेगळी नावं घेऊन सांगायची. दोन, प्रत्येक गटाने दोघींना तरी थापी आणि लेव्हल पट्टी हातात धरायला शिकवायचं. तीन, हजेरीची वही स्वतःजवळ ठेवायची. कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो मागताना आपली वही आपल्या हातात हवी.

टाइल तडकली की सगळे वरूनच बघतात. तुम्ही मात्र खालचा थर कुणी केला, त्याला किती दिवस दिले आणि त्याचे पैसे किती मिळाले, हे विचारा. उद्या कामावर गेलात की पहिला प्रश्न तोच करा.