कळणे आणि वळणे यांमधील वर्षे

इतिहासाची साधने म्हटली की तहनामे आणि सरकारी दप्तरे डोळ्यांपुढे येतात. मी आज बोलणार आहे ते खासगी पत्रांविषयी, क्वेकर कुटुंबांनी जपलेल्या कागदांविषयी.

१७ व्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या या पंथाने पुरोहित नाकारला, शपथ नाकारली, शस्त्र नाकारले. पत्रांत धनी असो वा नोकर, ते दोघांनाही एकेरीच संबोधीत. पुरोहित नसल्याने जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी त्यांच्या सभाच ठेवीत. छळाच्या काळातील दंड, जप्ती आणि तुरुंगवास यांचीही त्यांनी नोंद केली. कागद जपण्याची शिस्त यातून आली. त्यांचे लंडनमधील ग्रंथालय १६७३ पासूनचे आहे.

विद्यापीठे आणि सरकारी पदे बंद असल्याने ही कुटुंबे व्यापाराकडे वळली. बार्कले व लॉइड ही पेढ्यांतील, फ्राय, कॅडबरी व राउंट्री ही चॉकलेटच्या धंद्यातील नावे त्यांतलीच. सोयरसंबंध पंथातच होत. त्यामुळे नाते आणि पत यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असत.

परंतु या संग्रहांचे खरे मोल निराळेच आहे. माणसाला अन्याय कळतो केव्हा आणि तो कृती करतो केव्हा, यांमधील काळ येथे मोजता येतो.

१६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे चौघांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिले. ते एका सभेकडून दुसरीकडे, तेथून आणखी वर गेले आणि अखेर बाजूस ठेवले गेले. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यास मनाई केली ती १७७६ मध्ये, ८८ वर्षांनी! तो कागद हरवला, १८४४ मध्ये सापडला, पुन्हा दिसेनासा झाला आणि २००५ मध्ये पुन्हा हाती आला.

दुसरे उदाहरण कॅडबरी घराण्याचे. त्यांचे कागद आज बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत. साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरील कोकोच्या मळ्यांत अंगोलाहून आणलेल्या मजुरांना गुलामासारखे राबवितात, हे विल्यम कॅडबरी यांना १९०१ मध्ये कळले. मग पत्रव्यवहार झाला, परराष्ट्र खात्याशी विचारविनिमय झाला, १९०५ मध्ये चौकशीसाठी माणूस धाडला गेला. खरेदी थांबली ती १९०९ मध्ये. त्याच वर्षी एका वृत्तपत्रावरील बदनामीचा खटला कॅडबरींनी जिंकला. पण ज्यूरीने भरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. मधली आठ वर्षे कोको कारखान्यात येतच होता.

यात केवळ ढोंग होते असे मी म्हणणार नाही. सद्बुद्धी होती, तीही नफ्याच्या हिशेबात कशी अडकते, हे या कागदांतून दिसते. अडचणीचे कागद जाळले न गेल्यानेच हा निवाडा आपल्याला करता येतो, याचे श्रेय त्या परंपरेला दिलेच पाहिजे.

मात्र एक गोष्ट विसरू नये. मालकाच्या मनातील द्वंद्वाचा तपशील आपल्याला लाभला. मळ्यावर राबलेल्या मजुराचे पत्र या पेट्यांत शोधू गेल्यास निराशाच पदरी येईल. जो लिहू शकला नाही, त्याची साक्ष मालकाच्याच हिशेबवहीतून काढावी लागते. मित्रहो, जुने कागद वाचताना कोणाचा आवाज ऐकू येतो याबरोबरच कोणाचा येत नाही, हेही विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.