खुनाचा खटला आणि लोकांचा कौल

गाजलेल्या खुनाच्या खटल्यात पहिला साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहण्याआधीच आरोपी दोषी की निर्दोष हे लोकांनी ठरवून टाकलेले असते. या पूर्वग्रहाचा न्यायावर परिणाम होतो का, आणि होत असेल तर कोणत्या टप्प्यावर, हा खरा प्रश्न आहे. धोका न्यायाधीशाच्या मनाला असतो, अशी सर्वसाधारण समजूत. महाराष्ट्रातले दोन खटले शेजारी ठेवून पाहिले तर मात्र मोठी हानी कोर्टाची पायरी चढण्याआधीच, तपासात होऊ शकते, असे दिसते.

पहिला खटला कमांडर कावस माणेकशॉ नानावटी यांचा. 27 एप्रिल 1959 रोजी मुंबईत त्यांनी प्रेम आहुजा या व्यापाऱ्यावर गोळ्या झाडल्या. पत्नीने आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली त्याच दिवशी दिली होती. नौदलातला देखणा, पदके लावलेला अधिकारी एका बाजूला आणि चैनी व्यापारी दुसऱ्या बाजूला, असे चित्र ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने रंगवले. रुसी करंजिया त्याचे संपादक होते. त्या दिवसांत अंकावर उड्या पडत, आणि कोर्टाबाहेर नानावटींच्या नावाचा जयजयकार होई.

पुरावा मात्र वेगळे सांगत होता. पत्नीच्या कबुलीनंतर नानावटींनी तिला आणि मुलांना सिनेमागृहावर सोडले, मग ते आपल्या जहाजावर गेले. रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचे आहे, असे सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली, आणि पुढे आहुजाचा शोध घेत त्याचे घर गाठले. घर सोडल्यापासून गोळीबारापर्यंत सुमारे तीन तास गेले होते. बचावाचे म्हणणे असे, की झटापट झाली आणि गोळ्या चुकून सुटल्या. आहुजा नुकताच अंघोळ करून आला होता, कमरेला फक्त टॉवेल होता. मृतदेहावर तो टॉवेल जागच्या जागी होता. झटापट झाली असती तर तो सुटला असता, एवढी साधी गोष्ट.

तरीही 21 ऑक्टोबर 1959 रोजी नऊजणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटी निर्दोष असल्याचा कौल दिला. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो पटण्याजोगा वाटला नाही. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 307 नुसार त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने मार्च 1960 मध्ये जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने 24 नोव्हेंबर 1961 रोजी ती कायम केली. हे श्रेय कलम 307 चे, आणि त्याहून अधिक ते वापरणाऱ्या न्यायाधीशाचे. शिक्षेनंतरही लोकमताचा जोर ओसरला नाही. 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. या खटल्यामुळेच भारतातली ज्युरी गेली, ही समजूत मात्र अर्धवट आहे. ज्युरी बंद करावी, अशी शिफारस विधी आयोगाने 1958 मध्येच केली होती, आणि 1973 च्या संहितेत तिला स्थान उरले नाही.

आज निकाल न्यायाधीशच देतो आणि त्याला कारणे लिहावी लागतात. ही लेखी कारणे वरच्या न्यायालयात तपासली जातात, म्हणून ती मोठे संरक्षण आहेत. पण साक्षीदाराला असे संरक्षण नाही. आरोपीचा चेहरा वाहिन्यांवर आठवडाभर फिरल्यावर घेतलेल्या ओळख परेडला फारसा अर्थ राहत नाही, कारण साक्षीदार घटनेच्या वेळचा चेहरा ओळखतो आहे की पडद्यावरचा, हे त्यालाही सांगता येत नाही. आरोपीला वकील मिळणेही अवघड होते. वकीलपत्र घेणार नाही, असे ठराव वकील संघटनांनी अनेकदा केले. असे ठराव बेकायदा ठरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले.

दुसरा खटला नाशिकचा. जून 2003 मध्ये शेतातल्या वस्तीवर दरोडा, बलात्कार आणि पाच खून झाले. भटक्या जमातीतल्या सहाजणांना अटक झाली. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सर्वांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने 2007 मध्ये तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाहीजणांना फाशी दिली. या निकालामागे ज्या जुन्या निवाड्याचा आधार होता, त्याचा भर गुन्ह्याच्या क्रौर्यावर आणि समाजाच्या न्यायाच्या हाकेवर होता, आरोपीच्या परिस्थितीवर नव्हता.

5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानेच सहाहीजणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधून दुसऱ्याच चार माणसांची छायाचित्रे ओळखली होती. त्या चौघांवर खटला झाला नाही आणि तिचा तो जबाब दडवला गेला. आरोपी भटक्या जमातीतले गरीब मजूर असल्याने त्यांना खोटे गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नोंदवले. 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण संशयाची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. नानावटी खटल्यातला पूर्वग्रह मथळ्यांत दिसत होता, म्हणून त्याच्याशी झगडता आले. इथला कुणाला दिसलाच नाही, आणि सहाजणांची सोळा वर्षे तुरुंगात गेली. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. राज्याने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला.

उपाय कायद्यात आहेत. स्थानिक वातावरण तापले असेल तर खटला दुसऱ्या जिल्ह्यात हलवण्याचा अर्ज नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 447 खाली उच्च न्यायालयात करता येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या माणसाला त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरलाच उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आहे, आणि गरीब आरोपीसाठी हा फरक लहान नाही. माध्यमांनी तपासाच्या काळात काय टाळावे, याची मार्गदर्शक तत्त्वे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणाच्या निमित्ताने घालून दिली.

पण नाशिकच्या सहाजणांना खटला हलवून काही मिळाले नसते. त्यांना दडवलेला जबाब हाती हवा होता. एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांसाठी जे नियम सुचवले, त्यांत सरकार पक्ष ज्या जबाबांवर आणि कागदपत्रांवर विसंबून नाही, त्यांचीही यादी आरोपीला द्यावी, अशी तरतूद आहे. बचावाच्या वकिलाने ती यादी पहिल्याच तारखेला मागावी आणि तिच्यातला एकेक कागद पाहावा.