गड्याचे मन कोणाच्या भाषेत?

खेड्यावर लिहू पाहणारा नवा लेखक मोट, गोठा, वडाचा पार यांचे वर्णन करतो, पात्रांच्या तोंडी बोलीतले चार शब्द घालतो आणि निवेदन मात्र प्रमाणभाषेत ठेवतो. अशा कथेत गडी बोलतो खरा, पण त्याच्यावतीने विचार लेखकच करतो.

ही वाटणी कोल्हापूर जिल्ह्यातील कागलच्या आनंद यादवांनी १९७१ सालच्या ‘गोतावळा’ या कादंबरीत मोडली. मळ्यावर राबणारा नारबा आपली हकीकत आपल्याच बोलीत सांगतो. संवादांसह सारे निवेदन त्याचे आहे. त्यामुळे मळा पडद्यावरच्या देखाव्यासारखा मागे लटकत राहत नाही. संसार नसलेल्या या गड्याचा गोतावळा म्हणजे तेथील जनावरे. मालक ट्रॅक्टर आणतो, जनावरे एकेक करून जातात आणि यंत्राने कोणाचे काय हिरावले हे वाचकाला व्याख्यानावाचून उमगते.

मळा नारबाचा नव्हे. तरीही त्याचा जीव तेथेच गुंतलेला आहे. ही विसंगती सिद्धान्तात बसत नसेल, माणसात बसते. कष्टकऱ्यांविषयी कळवळा असलेला लेखक नेमका येथेच चुकतो. तो आपला निष्कर्ष पात्राच्या मुखी घालतो आणि जित्या माणसाचा पुतळा करतो. हातातल्या कामाने त्या माणसाला कोणते शब्द दिले, कोणती माया लावली, हे त्याने आधी ऐकावे. लेखकाला न पटणारे बोलण्याची मुभा ज्या पात्राला असते, त्याच्यावरच वाचक विश्वास ठेवतो.