शाळा मुलाकडे, की मूल शाळेकडे?

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२६ जून उजाडला की दसरा चौकात छत्रपती शाहू महाराजांच्या पुतळ्यासमोर सर्व पक्षांची रांग लागते. महाराजांच्या विचारांशी ज्याचे नाते सर्वांत पातळ, त्याचा हार बहुधा सर्वांत जाड असतो. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु ज्या राजाने १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, त्याच्याच भूमीत शंभर वर्षांनंतर डोंगरातल्या वाडीवरची शाळा 'परवडते की नाही' याचा हिशेब राज्यकर्ते मांडू लागले आहेत, ही गोष्ट हारांच्या ढिगाखाली झाकून टाकता येणार नाही.

१९१७ च्या कायद्यातील एकच तरतूद लोकांच्या स्मरणात राहिली आहे. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड! व्याख्यानांतून ती कौतुकाने सांगितली जाते. पण त्या दंडामागे एक दुसरी, अधिक कठोर सक्ती होती आणि ती राज्यसंस्थेने स्वतःवर लादून घेतलेली होती. गावात शाळाच नसेल, तर पालकाकडे दंड मागायचा कोणत्या तोंडाने? पालकाला सक्ती करायची तर आधी गावोगाव शाळा उभ्या करणे, शिक्षक नेमणे आणि फी माफ करणे सरकारला भाग होते. म्हणजे सक्तीचा खरा भार दरबाराच्या तिजोरीवर पडत होता.

या निर्णयाचे मोल कळण्यासाठी सहा वर्षे मागे जावे लागते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात काही काळ शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदे कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. तेही फार जपून, टप्प्याटप्प्याने आणि स्थानिक संस्थांच्या इच्छेवर सोडून. तरीही १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. सरकार म्हणाले, पैसा नाही. सरकारच्या सुरात जमीनदारवर्गाचेही सूर मिसळले. जगातील सर्वांत मोठ्या साम्राज्याला जे परवडले नाही, ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना १९०६ सालीच परवडले होते आणि कोल्हापूरला १९१७ मध्ये परवडले. तेव्हा 'परवडणे' हा शब्द अर्थशास्त्रातला कमी आणि राजकारणातला अधिक आहे, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे नेमके हेच मांडले होते. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, ही त्यांची तक्रार होती.

१९१९ साली शाहू महाराजांनी अस्पृश्यांसाठीच्या स्वतंत्र शाळा बंद केल्या. त्या मुलांना सर्वांच्या बरोबर एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. शाळा बंद करण्याचा हाही एक इतिहास कोल्हापूरला आहे. आजच्या शाळाबंदीशी त्याचे नाते उलटे आहे. तिथे शाळा बंद झाल्या त्या भिंत पाडण्यासाठी.

हाच विचार स्वातंत्र्यानंतर देशाच्या पातळीवर नेणारा माणूसही याच जिल्ह्यातला. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, म्हणजे ग्रामीण शाळेचा प्रश्न त्यांना दिल्लीतल्या कागदांवरून समजलेला नव्हता. एका वस्तीतली सर्व मुले, मग ती कारखानदाराची असोत वा त्याच्या शेतमजुराची, एकाच शेजारशाळेत जावीत, आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्या आयोगाने सांगितले. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही वर्षांच्या राष्ट्रीय धोरणांनी सहा टक्क्यांचा उच्चार केला, परंतु तो आकडा एकाही सरकारने गाठला नाही. शेजारशाळेच्या कल्पनेचे तर नाव घेणेही धोरणकर्त्यांना जड जाऊ लागले.

आता अलीकडच्या घटनांकडे वळू. २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून त्यांतील मुले इतरत्र पाठवण्याचे ठरवले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याहून मोठी योजना पुढे आली. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांचे मिळून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवले गेले. राज्यात अशा शाळा १४,७८३ आणि त्यांतली मुले सुमारे १ लाख ८५ हजार. 'बंद' हा शब्द कानाला टोचतो, म्हणून कधी 'समायोजन' तर कधी 'समूह'. शासकीय मराठीची ही प्रतिभा वाखाणण्याजोगी आहे!

या योजनेच्या बाजूने जे बोलले जाते ते हसण्यावारी नेऊ नये. सहा मुले, चार इयत्ता आणि एक शिक्षक, तोही निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणे व माहितीचे तक्ते यांत बुडालेला, याला शाळा म्हणणे कठीण आहे. मुलाला बरोबरीचे सवंगडी हवेत, खेळाचे मैदान हवे, चित्रकलेचा व संगीताचा शिक्षक हवा. मोठ्या शाळेत हे मिळू शकते. ज्यांना केवळ जुनी शाळा टिकवायची आहे आणि ती सुधारायची नाही, त्यांची बाजू मुलांची बाजू नव्हे.

परंतु प्रश्न असा आहे की त्या मोठ्या शाळेपर्यंत पोहोचणार कोण? गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांतील वाड्यांना आणि धनगरवाड्यांना पावसाळा म्हणजे काय ते विचारावे. जून ते सप्टेंबर ओढे भरून वाहतात, पायवाटा निसरड्या होतात, जंगलात जनावरांचे भय असते. सात वर्षांचे मूल पाच किलोमीटर चालणार नाही. बस देऊ, असे शासन म्हणते. जिथे रस्ताच वाडीपर्यंत पोहोचलेला नाही तिथे बस कुठे पोहोचणार? आणि बस बुडाली की पहिली घरी बसते ती मुलगी. धाकट्या भावंडाला सांभाळणे, शेळ्या राखणे ही कामे तिची वाट पाहतच असतात. शाळा गळाली, असे कुणी म्हणत नाही. मुलगी गळाली, अशीच नोंद होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर ठरवले, ते या अनुभवावरूनच. त्याच कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही किमान दोन शिक्षक देण्याचे बंधन घातले. ते पाळायचे नाही, एका शिक्षकावर शाळा ढकलायची, आणि मग गुणवत्ता नाही म्हणून तीच शाळा मोडीत काढायची, हा न्याय अजब आहे.

पट घटला तो आपोआप नव्हे. जन्मदर कमी झाला हे खरे. पण २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने खाजगी इंग्रजी शाळांना मोकळे रान दिले आणि त्यांच्या पिवळ्या गाड्या वाडीच्या तोंडापर्यंत येऊ लागल्या, हेही तितकेच खरे. त्यातच १८ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयाने सरकारी शाळा कंपन्यांना 'दत्तक' देण्याची सोय झाली. ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांचे मोल ५० लाख, दहा वर्षांचे एक कोटी, आणि वर शाळेला आपले नाव लावण्याची मुभा. ज्यांनी कर भरायचा त्यांनी दान करावे आणि त्याबद्दल पाटी मिळवावी!

सर्वांत बोलकी विसंगती मात्र पुढेच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जे शासन म्हणत होते की वाडीजवळची लहान सरकारी शाळा मुलाच्या कामाची नाही, तेच ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेत म्हणू लागले की एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी विनाअनुदानित शाळेने गरिबांसाठी २५ टक्के जागा राखण्याची गरज नाही. शाळा मोडायची असेल तेव्हा ती निरुपयोगी आणि धनिकांच्या शाळेचे दार बंद करायचे असेल तेव्हा तीच पुरेशी! मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना रद्द केली. न्यायालयाने एक दार उघडे ठेवले. शाळा चांगली करण्याचे काम न्यायालय करणार नाही.

आणि ते काम होऊ शकते, याचा पुरावा कोल्हापूर शहरातच आहे. महापालिकेच्या जरगनगर शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक रात्रभर रांगेत उभे राहिल्याचे शहराने पाहिले आहे. शाळा महापालिकेची, माध्यम मराठी. सरकारी शाळेला लोक कंटाळलेले नाहीत. लोक कंटाळले आहेत ते अनास्थेला. हे सांगताना एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. शिक्षणाच्या खाजगीकरणाविरुद्ध मोर्चात घोषणा देणाऱ्या कितीतरी पुढाऱ्यांची मुले आणि नातवंडे इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांत जातात, आणि काहींच्या तर स्वतःच्याच संस्था आहेत. कुणाच्या घरात डोकावण्याचा हा विषय नव्हे, परंतु जिथे नेत्याचे मूल नाही त्या शाळेच्या छपराची गळती नेत्याला दिसत नाही, एवढे गावकऱ्यांना पुरते कळते.

कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. बहुतेक गावांत ती कागदावर असते, सह्या घरोघर फिरवून घेतल्या जातात. पश्चिमेकडील तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या समितीचे इतिवृत्त मागून वाचावे. शाळा समूहात घालण्याचा प्रस्ताव पाठवताना पालकांची सभा झाली होती का, वाडीपासून नव्या शाळेचे अंतर कुणी चालून मोजले का, आणि मोजले असेल तर ते उन्हाळ्यात मोजले की आषाढात, हे तीन प्रश्न पुढच्या ग्रामसभेत विचारले जावेत.